गुरुदासबाबांची रांग

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की आमच्या पाळी गावात पावाला, म्हणजे उंड्यांना, रांग लागते; आणि रांग लागली की गुरुदासबाब प्रत्येकाच्या पिशवीत डोकावतात. "तुका एकच उंडो? यो, फुडें यो." ढिगाने उंडे नेणारा हॉटेलवाला आपोआप मागे. मात्र किरकोळ गिऱ्हाईकं सुटली, की तेच त्याला हाताला धरून पुढे आणतात. "उपाशी कोणाक दवरचें न्हय!" पोदेराने हल्ली स्वतःची अक्कल वापरणं सोडून दिलंय.

खाण चालू होती तेव्हा ते खनिजाच्या ट्रकांच्या रांगा लावत. खाण थांबली आणि त्यांनी गावात इंटरनेटच्या तारा ओढल्या. ट्रक गेले, डेटा आला, रांगा त्याच. फोनवरचं बोलणं पुढच्या रांगेत, व्हिडिओ मधल्या, डाउनलोड मागच्या, पण मागच्यालाही त्याचा वाटा मिळायलाच हवा. राउटरशी ते ट्रक ड्रायव्हरशी बोलावं तसं बोलतात, शिव्यांसकट.

मला ते विक्षिप्त वाटायचे. वाटायचे कशाला, आहेतच!

मग आईला झटका आला आणि तिची वाचा गेली. पणजीच्या एक बाई व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून एकेक शब्द म्हणून घ्यायच्या. पण गाव क्रिकेट बघायला बसलं की कॉल तुटक व्हायचा. बाईंचा शब्द अर्धाच पोचायचा, आणि आईला वाटायचं, आपलंच चुकलं. ती तोंड मिटून घ्यायची. एक दिवस तिने मोबाईलकडे पाठच फिरवली. ही आता कायमची गप्प होणार, या भीतीने मी गुरुदासबाबांकडे धावले.

त्यांनी तिथल्या तिथे आईचा कॉल सगळ्यांच्या पुढे घातला. मॅच अडकली म्हणून शेजारी भांडायला आले, तर म्हणाले, "मॅच रावता. आवयचें उतर रावना." आईच्या शब्दासाठी मॅच थांबली.

शब्द अख्खे पोचू लागले. हळूहळू आईही बोलू लागली. आता ती मला चक्क रागावते, आणि दर वेळी मी मनोमन गुरुदासबाबांना हात जोडते.

परवा तिने डबा माझ्या हातात दिला. "गुरुदासाक... दी." नेवऱ्या होत्या, म्हणजे करंज्या. मी गेले तेव्हा ते लिस्बनमधल्या मुलीशी व्हिडिओवर बोलत होते. म्हणजे नुसते बघत होते. तिचा चेहरा हसता हसता मध्येच थांबला होता.

"गुरुदासबाब, तुमचीच लायन अशी कशी?"

"म्हजें घर फाटल्या रांगेंत, बाय. रांग लायता ताणें मदीं घुसप बरें दिसना."

"पण धुवेकडे उलोवपाचें तरी फुडें घेयात!" लेकीचा कॉलही मागच्या रांगेत ठेवलेला मला बघवेना.

त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"तिका सदांच धांवपळ. फोन बेगीन दवरता," ते म्हणाले. लगेच फोन ठेवणारी लेक स्क्रीनवर तशीच हसत थांबली होती. "पिक्चर अडकलें, की थोडो वेळ रावता."