रंगाचा एकच हात

घर भाड्याने देण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं भल्याभल्यांना कळत नाही, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. भाडेकरूंचा नळ गळला की मी पाना घेऊन हजर, दार कुरकुरलं की तेलाची बाटली घेऊन हजर. मला बोलावत कुणीच नाही, पण बोलावण्याची वाट बघणारा घरमालक मी नव्हे!

घर तसं सासऱ्यांचं. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू: एक तरुण जोडपं आणि त्यांचं नुकतंच चालायला लागलेलं बाळ. या बाळाचं आणि माझं विशेष सूत जमलेलं. सकाळी मी झाडांना पाणी घालायला लागलो की ते वरच्या खिडकीच्या गजांमागे उभं राहून मला ‘आबा’ अशी हाक मारतं, आणि मी वर बघेपर्यंत वेळ जावा म्हणून खिडकीची चौकट चावतं. त्याला दात येताहेत.

तर झालं असं, की नवा नियम निघाला. जुन्या घरात भाडेकरूंचं लहान मूल असेल तर घरमालकाने रंगात शिसं आहे का, ते तपासून घ्यायचं. पूर्वी रंगात शिसं घालत आणि ते मुलांच्या पोटात गेलं तर डोक्यावर परिणाम होतो, हे बाळाच्या बाबांनी मला अदबीने समजावलं. मी हसलो. शिसपेन्सिली चावत आमची अख्खी पिढी शिकली, काय झालं आम्हाला, असं मी खाली येऊन बायकोला विचारलं. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, एवढं सांगून ती भाजी निवडायला बसली.

तपासणीची तारीख ठरली आणि माझं हसू मावळलं. घर जुनं, म्हणजे रंग जुना, म्हणजे शिसं असणारच! शिसं निघालं की हे लोक घर सोडणार, आणि मला सकाळी हाक मारायला कुणी उरणार नाही. मग माझं डोकं चालायला लागलं. चौकटीवर रंगाचा एक जाड हात मारून दिला तर? तपासणाऱ्याला दिसणार वरचा रंग, बाळाच्या दातांना लागणार वरचा रंग, आणि आतलं शिसं आत. एका दगडात दोन पक्षी!

रंग तर घरातच होता. सासऱ्यांच्या वेळचा एक पांढरा डबा कोठीत पडून होता. बायको तो टाकून द्या म्हणून कायम मागे लागायची. एकदा तर तिने तो फाटकाबाहेर नेऊनही ठेवला होता. मीच गुपचूप परत आणला. वरची साय काढून थोडं टर्पेंटाइन घातलं तर आत रंग कसा लोण्यासारखा! हल्लीचे रंग म्हणजे नुसतं पाणी.

बायको बाजारात गेल्याचं बघून मी वर गेलो आणि बाळासाठी खिडकी नवी करून देतो म्हणालो. बाळाची आई संकोचली. काका, तुम्ही कशाला त्रास घेता, असं म्हणून तिने मला चहा करून दिला. मी तो घेतला. त्या चहाची आठवण झाली की अजून मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र त्यांच्या हातात होतं. मी पुढे, त्या मागे, आणि आमच्यामागे बायकोसकट सगळी वरात. भिंतींत काही नाही. दारांत काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत काही नाही! माझी छाती फुगत चालली. बाळाच्या खोलीत शिरल्यावर मी मोठ्या मनाने म्हणालो, “ही राहू द्या, कालच रंगवलीय.”

“चालेल की. यंत्राला आतले थरही दिसतात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र चौकटीला लावलं.

यंत्र किंचाळलं. त्यांनी ते सरकवून पुन्हा लावलं, ते पुन्हा किंचाळलं. अख्ख्या घरात कुठे नाही आणि इथेच एवढं कसं, हे त्यांना कळेना. तेव्हा बाळाच्या बाबांनी कौतुकाने सांगितलं, की ही काकांनी स्वतःच्या हातांनी रंगवून दिलीय.

“कोणता रंग?” बायकोने विचारलं.

मी छताकडे बघू लागलो.

“कोणता रंग, म्हणते मी.”

मी सांगितलं. ती बाळाच्या पलंगावर मटकन बसली. आमची मुलगी झाली तेव्हा सासऱ्यांनी दारं-खिडक्या पार लाकडापर्यंत खरवडून घेतल्या होत्या, याच शिशापायी. आणि हा डबा त्या आधीच्या रंगातला उरलेला.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“डबा टाका म्हणून इतकी वर्षं सांगतेय. का टाका, ते तुम्ही कधी विचारलंत?”

मग बाळाची आई हलक्या आवाजात म्हणाली, की सकाळपासून ते या खिडकीशीच उभं होतं. आम्ही सगळ्यांनी बाळाकडे पाहिलं. त्याच्या ओठाला पांढरा कण चिकटला होता. माझ्याकडे बघून ते ‘आबा’ म्हणालं, आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं तोंड धुतलं, त्याला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासायला दिलं. बाईंनी खोली बंद केली आणि शिशाचं मूळ काय लिहू, असं विचारलं.

“घरमालक लिहा,” बायको म्हणाली.

भाडेकरू बाळाच्या मावशीकडे राहायला गेले. मी चौकट खरवडायला निघालो, तर कोरड्या धुळीने आणखी वाईट होईल म्हणून बायकोने माझी हत्यारंच कुलपात टाकली. ते काम त्यातल्या जाणकारांनी केलं. सकाळी झाडांना पाणी घालताना वर बघायचं नाही असं मी ठरवायचो आणि वर बघायचो.

बाळाच्या रक्तात काही निघालं नाही. तो निरोप आला तेव्हा मी कोठीत जाऊन रडलो, हे बायकोला माहीत आहे, पण तिने अजून ते माझ्याविरुद्ध वापरलेलं नाही. भाडेकरू परत आले. काका, घर चांगलं आहे, असं बाळाची आई म्हणाली. घर, म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलली नाही.

आता मी वर गेलो की ती दारातच थांबवून आधी माझे हात बघते. मीही पिकल्या केसांचा माणूस, दोन्ही हात पुढे करून उभा राहतो. ते बघून बाळही शेजारी येऊन आपले हात पुढे करतं. त्याला लगेच आत सोडतात.