इवायाची दुर्बीण

शुक्रवारी सकाळी कवडूभाऊ ओसरीवर चहाची बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात पांढुर्ण्याहून त्यांच्या मुलीच्या, दिपालीच्या, सासऱ्यांचा, म्हणजे व्याही शालिकरामांचा, फोन आला.

"इवाई, रविवारी येऊन राहिलो आमी. दिपालीले बी घेऊन येतो. अन् थे दुर्बीण बी पाहून घेऊ."

"या ना, या ना! घर तुमचंच हाय," कवडूभाऊ म्हणाले. फोन ठेवला आणि बशीतल्या चहाकडे बघत बसून राहिले. चहावर साय आली तरी त्यांनी बशी उचलली नाही.

"काय झालं? कोनी गेलं काय?" आतून बायकोनं, वच्छलाबाईंनी, विचारलं.

"गेलं नाई कोनी. इवाई येऊन राहिले. दुर्बीण न्याले."

"मंग द्या ना काढून."

"थेच तं निंगून नाई राहिली!"

आता ही दुर्बीण म्हणजे काही आकाशातले तारे बघायची नव्हे. ती होती छर्ऱ्याच्या बंदुकीवर बसवायची. बोरगावच्या शिवारात कवडूभाऊंची संत्र्याची तीनशे झाडं, आणि त्या संत्र्यांवर कवडूभाऊंच्या आधी माकडांचा हक्क. माकडाला मारायचं नाही, ते मारुतीचं रूप. म्हणून कवडूभाऊंनी मधल्या झाडावर तेलाचा रिकामा पिपा टांगला होता. मचाणावरून त्या पिप्यावर छर्रा हाणला की टण्णकन आवाज व्हायचा आणि माकडं धूम ठोकायची. पण साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना पिपा दिसेना. छर्रा कुठंही जाऊ लागला. शेवटी शेवटी तर माकडं त्या पिप्याशेजारीच बसून संत्री सोलायला लागली, कारण सगळ्या बागेत तीच जागा सुरक्षित होती.

पोळ्याला व्याही आले तेव्हा त्यांनी हा तमाशा पाहिला. शालिकराम पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. त्यांनी आपल्याजवळची दुर्बीण वापरायला म्हणून आणून स्वतःच्या हातानं बंदुकीवर बसवून दिली. दोन कड्या, सहा बारके स्क्रू, काम दोन मिनिटांचं.

पण ही बंदूक स्प्रिंगची. छर्रा सुटला की ती असा धक्का देई की चार दिवसांत स्क्रू ढिले पडून दुर्बीण हलायला लागली. कवडूभाऊंनी नागपूरला नोकरीला असलेल्या मुलाला, प्रफुल्लला, फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, स्क्रू पक्के कराचं औषध येते. निळी शीशी घ्या. एका स्क्रूले एक थेंब. बस."

सौंसरच्या दुकानात निळी शीशीही होती आणि लालही होती. इथं कवडूभाऊंच्यातला बागायतदार जागा झाला. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत निशाण असतं. हिरवं म्हणजे नुसतं पाणी, निळं म्हणजे बरं, आणि लाल म्हणजे जालीम. चाळीस वर्षं हे निशाण वाचूनच त्यांनी बाग राखली होती. त्यांनी लाल शीशी उचलली. आणि डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या दुप्पट टाकल्याशिवाय अळी मरत नाही हाही त्यांचा अनुभव. एका थेंबानं काय होते म्हणून त्यांनी सहा स्क्रूंना अख्खी शीशी पाजली.

गुण मात्र लगेच आला. दुर्बीण अशी घट्ट बसली की दसऱ्यापर्यंत पिपा रोज सकाळी टणाणत होता. सगळ्या बोरगावात कवडूभाऊ या औषधाची तारीफ करत फिरले. दसऱ्याला पुसायला म्हणून ती काढायला गेले, तर हलेचना. आणि आता व्याही दुर्बीण न्यायला येत होते.

दिपालीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. पोरीच्या सासरची वस्तू, ती पण व्याह्यांनी हौसेनं स्वतः बसवून दिलेली, आणि आपण ती नासवली! उद्या चारचौघांत कोणी दिपालीला म्हटलं, तुझ्या बाबांकडे वस्तू गेली की गेली, तर? कवडूभाऊ चहा तसाच ठेवून उठले.

त्यांनी स्क्रूच्या तोंडात किल्ली घालून पुन्हा जोर लावला. किल्ली वाकली. खोबरेल तेल सोडलं. स्क्रू चमकला, हलला नाही. शेवटी लाज सोडून पुन्हा नागपूरला फोन लावला.

"बाबा, निळीच लावली होती ना?" प्रफुल्लनं विचारलं.

"लाल."

"किती लावली?"

"संपवली."

"अहो बाबा, थे पुलाच्या नटबोल्टले लावाचं औषध हाय! आता गरम केल्याबिगर निंगत नाई थे."

शनिवारी बंदूक गोधडीत गुंडाळून कवडूभाऊ सौंसरच्या बसमध्ये चढले. कंडक्टरनं त्या लांबलचक गाठोड्याकडे बघून विचारलं, "भाऊ, दवाखान्यात भरती हाय काय कोनी?" कवडूभाऊ "हो" म्हणाले. मग शेजारच्या बाईनं कोण आहे, किती दिवसांपासून आहे, असं विचारत पार सौंसरपर्यंत त्यांचा जीव खाल्ला.

सौंसरला चिंधू मिस्तरीचं मोटरसायकलीचं गॅरेज होतं. त्यानं गोधडी उलगडली, स्क्रूंवर बोट फिरवलं आणि हात जोडले.

"भाऊ, गॅसची फुंकनी लावली तं स्क्रू निंगन. पन आतली काच बी तडकन. मी जिम्मेदार नाई."

"थोडीशी फुंकनी लाव ना रे."

"थोडीशी नसते भाऊ. तुमी औषध थोडंसं लावलं होतं काय?"

कवडूभाऊंनी बंदूक उचलली. पुन्हा गोधडी, पुन्हा बस. घरी येऊन त्यांनी सांडशी चुलीत तापवून स्क्रूवर दाबून पाहिली. त्यानं काळा डाग तेवढा पडला, आणि सांडशीचा वास पोळ्यांना लागला म्हणून वच्छलाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं.

रविवारी सकाळी डाग राखेनं घासता घासता कवडूभाऊंनी हात टेकले. "सांगून टाकतो मी खरं. म्हनतो, चुकलो."

"काही सांगाची गरज नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या रात्रभर विचार करून उठल्या होत्या. "आपल्या घरून कोनाचं भांडं कदी रिकामं गेलं काय? विरजनाची वाटी आली तरी आपन तिच्यात गूळ टाकून धाडतो. मंग इवायाची दुर्बीणच रिकामी काऊन धाडाची? बंदुकीसकट द्या."

कवडूभाऊ आ वासून बायकोकडे बघत राहिले. बंदूक दहा वर्षांची जुनी, हातात बसलेली. ती गेली की बाग माकडांची. पण इज्जत राहत होती, आणि पोरीला ऐकून घ्यावं लागणार नव्हतं. त्यांनी मान हलवली. मग बंदुकीच्या नळीवरून एकदा हात फिरवला, आणि डोळे उगाच चुरचुरायला लागले ते राखेमुळे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अकरा वाजता व्याह्यांची जीप आली. पाणी झालं, चहा झाला. वच्छलाबाईंनी बंदुकीला कुंकू लावलं, वर नारळ ठेवला, व्याह्यांच्या खांद्यावर शेला टाकला आणि कवडूभाऊंनी दोन्ही हातांनी बंदूक पुढं केली.

"इवाई, हे काय?" शालिकराम गोंधळले.

"आमच्याकडून वस्तू रिकामी वापस जात नाई," कवडूभाऊ छाती काढून म्हणाले. "दुर्बीण तुमची, बंदूक आमच्याकडून."

शालिकरामांनी बंदूक मांडीवर घेतली आणि मोठ्यांदा हसले. "अहो, मी दुर्बीण न्याले आलोच नाई! पोळ्याले इहीणबाईनं करंज्याचा डबा देल्ला होता. थो रिकामा कसा आनू? म्हनून इचार केला. दिपाली, आन वं थे खोकं."

दिपालीनं जीपमधून आधी स्टीलचा डबा आणला, आणि त्याच्यामागून एक लांब खोकं. खोक्यात कोरी करकरीत छर्ऱ्याची बंदूक होती.

"बाबा, तुमची जुनी झाली म्हनून मीच सांगतलं मामाजीले," दिपाली खुशीत म्हणाली.

कवडूभाऊंना इतका आनंद झाला की त्यांना काही सुचेना. पण तो आनंद अर्धं मिनिट टिकला.

"आता असं करतो," शालिकराम बाह्या सारत म्हणाले, "तुमी मानानं देल्ली म्हनून जुनी बंदूक मी नेतो. अन् दुर्बीण काढून तुमच्या नवीवर बसवून देतो. दोन मिनिटाचं काम."

"जेवन करून घ्या ना पहिले!" कवडूभाऊ जवळजवळ ओरडलेच.

"दोनच मिनिटं, इवाई."

फिटर माणूस, किल्ल्यांची पिशवी सोबतच होती. शालिकरामांनी पहिली किल्ली लावली, मग दुसरी लावली. मग पाटावर बसले, बंदूक गुडघ्यात दाबली. कपाळावर घाम आला. आतून वच्छलाबाईंनी दोनदा हाक मारली, "पुऱ्या थंड्या होऊन राहिल्या!" शालिकराम हट्टाला पेटले होते. त्यांनी दातओठ खाऊन शेवटचा जोर लावला आणि कट्ट आवाज झाला. स्क्रूच्या आतले कोपरे झिजून तिथं गुळगुळीत भोक झालं. आता त्यात कुठलीच किल्ली बसणार नव्हती.

शालिकरामांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि नखानं स्क्रूच्या कडेला खरवडलं. नखावर लाल भुकटी आली. त्यांनी ती बघितली, मग सांडशीच्या डागाची उरलेली काळी कड बघितली, मग सावकाश मान वर करून कवडूभाऊंकडे बघितलं. कवडूभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. पुढच्या महिन्यातली एकादशी किती तारखेला आहे हे त्यांना अचानक फार महत्त्वाचं वाटायला लागलं होतं.

"मामाजी, निंगाली काय?" दिपाली पाण्याचा तांब्या घेऊन आली.

शालिकरामांनी नख धोतराला पुसलं. "नाई वं बाई. माह्याकूनच स्क्रूचं तोंड खराब झालं. हात थकले आता. इवाई, माफी करजा. जुनी राहू द्या दुर्बिनीसंगं तुमच्याकडंच, अन् नवी बी राहू द्या."

"असू द्या, असू द्या," कवडूभाऊ उदारपणे म्हणाले. "एका स्क्रूचं काय घेऊन बसलात? कोनाच्याही हातून होते." वच्छलाबाईंनी पदराआडून त्यांच्याकडे असा एक कटाक्ष टाकला की ते लगेच पुऱ्या वाढायला धावले.

जेवताना मात्र त्यांची कळी खुलली. दोन बंदुका, एक दुर्बीण, आणि वर इज्जत. तिसऱ्या पुरीला तर त्यांनी व्याह्यांची थोडी चेष्टाही केली. "तीस वर्ष फिटर होते म्हने इवाई," असं म्हणून ते खो खो हसले. शालिकरामही हसले आणि वरण ओरपत राहिले.

चार वाजता जीप निघाली. मागं संत्र्यांची दोन पोती, दिपालीच्या मांडीवर भरलेला डबा. कवडूभाऊ फाटकापर्यंत पोचवायला गेले. शालिकरामांनी काच खाली केली, किल्ल्यांच्या पिशवीतून काहीतरी काढलं आणि निरोपाचा हात मिळवता मिळवता ते कवडूभाऊंच्या मुठीत सरकवलं. मग कानाशी वाकून हळूच म्हणाले, "नव्या बंदुकीवर कदी दुर्बीण लावली तं हे लावजा. मी बी शेतकऱ्याचाच पोरगा हावो, इवाई. फवारनीचा हिसाब मले बी समजते."

कवडूभाऊंनी मूठ उघडली. निळी शीशी होती.

त्यांचं तोंड कानापर्यंत लाल झालं. त्यांनी नुसता व्याह्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"स्क्रूले एकच थेंब," जीप हलता हलता शालिकराम मोठ्यानं म्हणाले. "अन् बाकीची शीशी मले वापस पाहिजे!"