वडाला टांगलेला प्रश्न

एका जंगलात कायदा फार होता. झाडे जरा कमी होती, पाणी बेताचे होते, पण कायदा मात्र मुबलक होता.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे, बाळांनो, बाहेर राहत असे. तिचे स्वतःचे बीळ होते. चांगले खोल, कोरडे, आत कंदमुळे ठेवायला वेगळा कोनाडा असलेले. पण त्या बिळात अस्वलराव राहत होते.

अस्वलराव पाहुणे म्हणून आले होते. "साळूताई, जरा पाठ टेकतो. ऊन फार झालंय," असे म्हणून ते आत शिरले. ऊन उतरले, थंडी आली, गेली, पुन्हा ऊन आले. पाठ टेकलेलीच होती. अस्वलाला दिली ओसरी, अस्वल हातपाय पसरी. त्यांचे हातपाय मोठे आणि बीळ साळिंदराच्या मापाचे. तेव्हा साळूबाई बाहेर करवंदीच्या जाळीत आली.

ती रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी जाऊन खाकरायची.

"अस्वलराव, आज कसं काय?"

"उत्तम! घर कसं आपलंच वाटतं बघा," अस्वलराव आतून म्हणायचे. "आणि ताई, तेवढं मधाचं बघाल का?"

आता तुम्ही म्हणाल, तिने राजाकडे तक्रार का केली नाही? शहाणी आहात. तक्रार करायची तर दरबारात बोलावे लागे. दरबारात बोलायचे तर सनद लागे. सनद हवी तर कायद्याची परीक्षा द्यावी लागे. ज्यांच्याकडे सनद होती त्यांत वकील म्हणून नावाजलेला एकटा कोल्हा होता, आणि तो अस्वलरावांबरोबर बिळात बसून मध चाटत असे.

म्हणून साळूबाई परीक्षेला बसली.

परीक्षा मोठी सुटसुटीत होती. प्रश्न एकच. सागाची पाने एकमेकांना टाचून त्यांवर तो लिहीत आणि भल्या थोरल्या वडाला टांगत. पुढचे पंधरा दिवस विद्यार्थ्यांनी त्याकडे बघत बसायचे, आणि मग उत्तर लिहायचे. लिहायला सगळे साळूबाईचे काटे मागून नेत. परीक्षेच्या दिवसांत तिच्या पाठीला टक्कल पडे.

पहिल्या वर्षी तिने उत्तर लिहिले, 'होय'. आणि त्याची कारणे दिली. ती नापास झाली. दुसऱ्या वर्षी तिने लिहिले, 'नाही'. त्याचीही कारणे दिली. पुन्हा नापास. दोन्ही वेळा शेरा एकच होता : 'उत्तर प्रश्नाला धरून नाही.' आता ही तिसरी आणि शेवटची खेप होती. यंदा सनद मिळाली नाही तर जन्मभर करवंदीच्या जाळीत.

यंदाचा प्रश्न असा होता. बाळांनो, दीर्घ श्वास घ्या.

'पाहुण्याने, अथवा पाहुणा नव्हे असे न म्हणता येणाऱ्याने, यजमानाच्या, आणि यजमान नसल्यास त्याच्या नसण्याच्या, बिळात, बिळाबाहेर वा अन्यत्र, किती दिवस, रात्री धरून वा वगळून, न राहण्याचा हक्क न सोडता राहावे, निदान न राहू नये, असे म्हणता येणार नाही असे नाही काय? असल्यास का नसावे व नसल्यास का असू नये, याचा थोडक्यात सविस्तर ऊहापोह करा.'

मागची दोन वर्षे साळूबाई नुसते नकारच मोजत बसली होती; यंदा तिने एकेक शब्द वाचला आणि तिचे काळीज लक्कन हलले. पाहुणा! यजमान! बीळ! अहो, ही तर तिचीच गोष्ट वडाला टांगलेली! जगात या प्रश्नाचे उत्तर कुणाला ठाऊक असेल तर ते तिलाच. फक्त प्रश्न काय आहे तेवढे कळायला हवे होते.

शेजारी हुप्पाजी वानर बसला होता. तोही परीक्षार्थी.

"हुप्पाजी, तुला काही अर्थ लागतोय का रे?"

"सोप्पं आहे, साळूमावशी," हुप्पाजी म्हणाला. "माझी एक युक्ती आहे. वाक्यात 'नाही' आलं की आपण उलटं फिरायचं. शेवटी तोंड जिकडे असेल तिकडे अर्थ."

तो फांदीवर उभा राहिला आणि प्रश्न वाचू लागला. नव्हे आले, फिरला. न आले, फिरला. नसल्यास, नसण्याच्या, न राहण्याचा, न सोडता. हुप्पाजी भोवऱ्यासारखा गरगरू लागला. 'असे नाही काय'पर्यंत पोचता पोचता तो फांदीवरून सुटला आणि थेट खालच्या चिखलात बसला.

"काय निघालं?" साळूबाईने विचारले.

"अर्थ खाली आहे," हुप्पाजी म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

मग साळूबाई गुरुजींकडे गेली. कायद्याचे गुरुजी म्हणजे दिवांधशास्त्री घुबड. ते दिवसा शिकवत, म्हणजे झोपेत शिकवत, आणि त्यांचे विद्यार्थी म्हणत की त्यामुळे विषयाला खोली येते.

"गुरुजी, प्रश्नाचा अर्थ सांगता का?"

दिवांधशास्त्र्यांनी एक डोळा उघडला. "अर्थ? अर्थ विद्यार्थ्याने आपापला आणायचा असतो. आम्ही फक्त प्रश्न पुरवतो."

"पण प्रश्न तुम्हीच काढलात ना?"

"मी एकट्याने? छे छे! समितीने काढला. मी, बगळेसाहेब आणि कासवअण्णा. मी माझ्यापुरते जे घातले ते मला पूर्ण समजलेले आहे."

"तुम्ही काय घातलंत?"

"'अन्यत्र'," शास्त्रीबुवा अभिमानाने म्हणाले आणि डोळा मिटला.

बगळेसाहेब तळ्यात एका पायावर उभे होते. त्यांना विचारले तर ते म्हणाले, "'रात्री धरून वा वगळून' हे आमचं. बाकी आम्ही बघितलेलं नाही. दुसऱ्याच्या शब्दांत चोच घालणं शोभत नाही."

तळ्याच्या काठी कासवअण्णा ऊन खात पडले होते. साळूबाई त्यांच्यापाशी बसली आणि तिला एकदम रडूच आले.

"अण्णा, माझं बीळ गेलं, काटे गेले, आता सनदही जाणार. मला एवढंच सांगा, तुम्ही लोक विचारताय तरी काय?"

कासवअण्णांनी मान हळूहळू बाहेर काढली. "अगं, रडू नकोस. मी लहान होतो ना, तेव्हा हा प्रश्नही लहान होता. एवढासा. बोटभर."

"हाच प्रश्न?"

"हाच. दरवर्षी हाच असतो. नवीन कोण काढणार? पण समितीत बसलो आणि काहीच केलं नाही असं दिसायला नको. म्हणून प्रत्येकाने दरवर्षी आपला एक शब्द घालायचा, अशी रीत पडली. फार तर चार. काढायचा मात्र कुणाचाच नाही. जिवंत सभासदाचा शब्द काढला तर त्याचा अपमान, आणि मेलेल्याचा काढला तर त्याच्या आत्म्याला शांती नाही."

"मग पहिला प्रश्न काय होता?"

कासवअण्णांनी डोळे बारीक केले. खूप वेळ गेला. साळूबाईला वाटले, झोपले. पण ते आठवत होते.

"'पाहुण्याने यजमानाच्या बिळात किती दिवस राहावे?'" ते म्हणाले. "एवढंच होतं बघ."

साळूबाई उठली ती नाचतच उठली! तळ्याभोवती एक फेरी, वडाभोवती एक फेरी. वाटेत तिने चिखलातल्या हुप्पाजीला मिठी मारली, आणि एखाददुसराच काटा उरला असला तरी साळिंदराने मिठी मारल्यावर जे होते ते झाले. तो दोन हात उडाला.

तिने पाठीचा उरलासुरला काटा उपटला आणि उत्तर लिहिले :

'यजमान "बसा" म्हणतो आहे तोवर. तो "बरंय मग" म्हणाला की पाहुण्याने उठावे.'

बाळांनो, तुम्हाला पटले ना? तुमच्या आईलाही पटेल. विशेषतः मामा आलेले असतील तर.

निकाल लागला. साळूबाई नापास. शेरा होता : 'उत्तर समजले. सबब अनुत्तीर्ण.'

आणि हुप्पाजी पहिला! त्याने बिचाऱ्याने काय केले, अंग सुजलेले, डोके गरगरतेय, तेव्हा त्याने प्रश्नच दोनदा उतरवून काढला, मधेमधे 'तथापि' पेरले आणि शेवटी 'इत्यादी' लिहून सोडून दिले.

साळूबाई तडक शास्त्रीबुवांकडे गेली. तिचा राग अनावर झाला होता. काटे उभे करायला गेली, पण काटे होते कुठे?

"गुरुजी, माझं उत्तर बरोबर होतं की चूक?"

"बरोबर होते," दिवांधशास्त्री म्हणाले. "तेच तर वाईट झाले. हे बघ, तुझे उत्तर मी वाचायला घेतले आणि संपलेसुद्धा. हुप्पाजीचे वाचताना मला मध्येच गाढ झोप लागली. जागा झालो तरी ते चालूच होते. याला म्हणतात कायद्याचा व्यासंग."

साळूबाई पाठ फिरवून निघाली. परत येताना आकाश भरून आले होते आणि वडावरचा प्रश्न वाऱ्याने फडफडत होता. परीक्षा झालेली, आता त्याला कोण विचारतो? जाळीवर घालायला एवढी मोठी सागाची पाने आयती मिळत होती. नापास तर नापास, निदान डोके तरी कोरडे राहील, असे म्हणून तिने तो ओढून घेतला. जाळीपाशी जागा पुरेना. म्हणून एक टोक तिने करवंदीला अडकवले आणि दुसरे बिळाच्या तोंडावर. नि खाली अंग चोरून बसली.

थोड्या वेळाने अस्वलरावांना आत अंधार वाटला. त्यांनी डोके बाहेर काढले. समोर लिखाण.

"साळूताई, हे काय? दारात काय लावलंत?"

'काही नाही हो, पानं आहेत,' असे साळूबाई म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिने त्या पानांकडे पाहिले, अस्वलरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि जन्मात पहिल्यांदा तिला कायदा समजला.

"वाचा ना," ती म्हणाली. "तुमच्याबद्दलच आहे."

अस्वलराव वाचू लागले. "'पाहुण्याने...' म्हणजे मी?"

"तुम्हीच ठरवा."

"'पाहुणा नव्हे असे न म्हणता येणाऱ्याने...' अरे बापरे! हाही मीच की!" अस्वलरावांना घाम फुटला. "'न राहण्याचा हक्क न सोडता राहावे, निदान न राहू नये...' ताई, म्हणजे मी राहायचं की जायचं?"

"स्पष्टच लिहिलंय," साळूबाई म्हणाली.

"आणि हे 'असल्यास का नसावे'? माझ्या असण्यावरच उठलेत की हे लोक!"

त्यांनी कोल्ह्याला हाक मारली. कोल्हा आला, त्याने एकदा वाचले, दोनदा वाचले आणि मिशीवरचा मध पुसला. आता, समजले नाही असे वकिलाने म्हणायचे नसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"प्रकरण गंभीर दिसतं," कोल्हा म्हणाला. "राहिलात तरी कलम लागतं. गेलात तरी लागतं. पण गेलात तर ते मागून लागेल, आणि तुम्हाला पळता येतं."

अस्वलरावांनी मधाचे मडकेसुद्धा घेतले नाही. ते जे सुटले ते थेट डोंगरापलीकडे. कोल्हाही त्यांच्यामागे गेला, कारण अशील गेले की वकिलाला करमत नाही.

साळूबाई आपल्या बिळात शिरली. आहाहा! ती मातीत लोळली. कोनाड्यात डोकावली, पुन्हा लोळली. मधाचे मडके डोक्यावर घेऊन नाचली. तिला इतका आनंद झाला की पाठीला नवे काटे फुटले, असे जंगलात अजून सांगतात.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. समितीची तातडीची सभा बसली. प्रश्नाचा प्रत्यक्ष उपयोग होतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. बगळेसाहेबांनी तर दुसरा पाय खाली टेकला. सगळ्यांनी एकमताने साळूबाईला सन्मानाची सनद दिली आणि समितीवर घेतले.

साळूबाईने मनाशी पक्के ठरवले. पहिल्या सभेत उभे राहायचे आणि म्हणायचे, की पुरे झाला हा पोरखेळ. एकेक शब्द उपटायचा आणि तो बोटभर प्रश्न पुन्हा वडाला टांगायचा. पुढच्या साळिंदरांना तरी रडावे लागू नये. तिला खरेच मनापासून तसे वाटत होते.

त्या दिवशी ती लवकर निघाली. थोडे पुढे जाऊन सहज मागे वळून पाहिले, तर बिळापाशी अस्वलराव! ऊन फार झाले होते ना. ते दबकत दबकत दारापर्यंत आले. नाक पुढे केले. मग त्यांनी दारावर अजून टांगलेल्या पानांवरचे 'पाहुण्याने, अथवा पाहुणा नव्हे असे न म्हणता येणाऱ्याने' एवढेच वाचले आणि शेपूट घालून पळत सुटले.

साळूबाई बराच वेळ तिथे उभी राहिली. मग सभेला गेली.

"बोला, साळूबाई," दिवांधशास्त्री झोपेतच म्हणाले. "प्रश्नात काही सुचवायचं आहे?"

साळूबाईने पाठीचा एक नवाकोरा काटा उपटला. सभेपुढची प्रश्नाची प्रत वरपासून खालपर्यंत नीट वाचली.

"बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "फक्त यात एक 'किंबहुना' राहिलाय."

तात्पर्य : कायदा सर्वांना समजेल इतका सोपा असावा, पण आपले बीळ परत मिळेपर्यंतच. हे तात्पर्य ज्यांना पहिल्याच वाचनात समजले, ती सगळी बाळे नापास.