हिरामण पिकोलोवाल्याने टिटवी बोलविली ती हकीकत

स्वस्ति श्री. उल्हास नदीचे खोऱ्यात कल्याण कॅम्प ऊर्फ उल्हासनगर, कसबे अंबरनाथ आणि कसबे बदलापूर ऐसे तीन मुलूख सुखे नांदत असता, शालिवाहन शके अठराशे चौऱ्याहत्तरचे मार्गशीर्षमासी अंबरनाथी वाद्यवृंदाचे जे तुंबळ जाहले, आणि त्यात मौजे चिखलोलीचे हिरामण याणी वीतभर नळीचे जोरावर जे यश संपादिले, त्याची वार्ता जो तो आपल्या सोयीने सांगू लागला. सबब जैसे घडले तैसे लेहून ठेविले आहे. मीठ चवीपुरते घातले, तिखट बिलकूल नाही. सावधचित्ते परिसावे.

हिरामण म्हणजे चिखलोलीच्या गोजरबाईंचे एकुलते चिरंजीव. विलायतेचे थोर युद्ध चालू असता कल्याणाजवळच्या माळावर सरकारी फौजेची छावणी पडली, आणि छावणीस दुधाचा रतीब घालण्याची कामगिरी हिरामणांकडे आली. छावणीच्या बँडात एक तांबड्या मिशांचा गोरा शिपाई आडवी बासरी वाजवीत असे. त्यास म्हशीच्या सायीचे बहुत वेड, आणि हिरामणांस बासरीचे बहुत वेड, मग त्याने फुंकर शिकवावी आणि यांनी साय पुरवावी ऐसा उभयपक्षी तह जाहला. युद्ध सरले, गोरी फौज कूच करून गेली, आणि जाता जाता शिपायाने मखमली अस्तराची एक पेटी हिरामणांचे हवाली केली. आत बासऱ्या दोन. थोरली हातभर, रुप्यासारखी झगझगीत, आणि धाकली वीतभर, काळ्या लाकडाची, तिचे नाव पिकोलो. थोरली बोले तर गोड बोले, आणि धाकली बोले तर शिवेपलीकडे ऐकू जाय.

गावी परतून हिरामणांनी वाद्याचे नाव जाहीर केले, तेथेच पहिला घोटाळा जाहला. गोजरबाई वदल्या, "मिशी धड फुटली नाय, नं बोलतो पिकलो! पिकलास तर नांगर कोन धरील?"

मग रियाज सुरू जाहला, आणि पिकोलोच्या पहिल्याच हल्ल्यात घरच्या कोंबड्यांची फळी फुटली. त्या माळ्यावर चढल्या त्या उतरेनात आणि अंडीही देईनात. हिरामणांच्या पत्नी अंजनीबाई नवऱ्याचा पक्ष राखणाऱ्या खऱ्या, परंतु कोंबड्या त्यांच्या माहेरच्या. सबब सासूसुनांनी मसलत करून फर्मान काढिले की हे वाद्य उंबरठ्याचे आत वाजू नये. हिरामण शेताच्या बांधावर हद्दपार जाहले आणि तेथे फुंकू लागले, तो भातावर उतरलेली पोपटांची फौज दाणा टाकून पळाली. मग काय विचारता! शेजारचे शेतकरी हात जोडून आर्जवे करू लागले की आमच्याही खाचरावर येऊन दोन फुंकरा माराव्या. येणेप्रमाणे हिरामणांस कलावंत म्हणून पहिली नामजादी मिळाली ती बुजगावण्याची.

त्यांनी चाकरी इमाने केली, परंतु मन रमेना. गोऱ्या शिपायाने एकदा सांगितले होते की एकट्याने वाजविणे म्हणजे आडातले पाणी आणि वृंदात वाजविणे म्हणजे नदी. हिरामणांस नदीत उतरावयाचे होते. बांधावर उभे राहून पोपटांस हाकलिताना त्यांचा ऊर भरून येई. आपण वाजवावे आणि ऐकणाऱ्याने पळून जावे, ऐसे किती दिवस चालावे?

तो फाळणी जाहली. सिंध प्रांतीची मंडळी घरदार मागे टाकून आली आणि छावणीच्या रिकाम्या बराकींत उतरली. त्यांत कॅम्प नंबर एकात टेकचंद मास्तर आले. कराचीस त्यांचा खासा वाद्यवृंद होता, येताना फक्त व्हायोलिन बगलेत राहिले. दिवसा त्यांनी पापड विकले आणि सांजेस माणसे जमविली. व्हायोलिनवाले सिंधी, कर्णेवाले गोव्याचे ख्रिस्ती, ढोल आणि इतर सरंजाम अंबरनाथच्या कारखान्यांतला. ही वार्ता कानी येताच हिरामण पेटी घेऊन चालत बराकीस दाखल जाहले आणि धाकलीत ऐसी फुंकर मारिली की छपराच्या पत्र्यास हादरा बसला.

टेकचंद मास्तरांनी डोळे मिटले. "अरे साईं," ते म्हणाले, "कराची सोडली तेव्हापासून हा आवाज नाय ऐकला. बैठो! उद्यापासून रोज ये."

हिरामणांस वृंदात आसन मिळाले, परंतु ते विष्णुपंतांचे डावीकडे. विष्णुपंत कारखान्यातील भांडाराचे कारकून, क्लॅरिनेट वाजविण्यात मातबर, स्वभावे सज्जन, परंतु डावा कान नाजूक. धाकली त्या कानापासून हातभर अंतरावर तोफेसारखी सुटे. पंतांनी आधी कापसाचा बोळा घातला, मग मफलर बांधला, मग मफलरावर टोपी चढविली, तरी तटबंदी टिकेना. सरतेशेवटी त्यांनी मास्तरांपाशी अर्ज गुदरला की पिकोलो हे वाद्य नसून हत्यार आहे, तरी ते वृंदातून बडतर्फ व्हावे.

त्या समयी मास्तरांनी स्वतः एक चीज रचिली होती. सिंधू नदीस पूर येतो, गावे बुडतात, रात्र जाते, पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या गाळावर एक टिटवी बोलते, ऐसे तिचे वर्णन. पूर सगळ्यांनी वाजवावयाचा आणि टिटवी पिकोलोने. थोरलीस त्या चिजेत कामच नाही. म्हणजे हिरामणांनी आरंभापासून मुकाट बसावे, मनात मात्रा मोजाव्या, आणि अखेरीस बरोबर जागी चार सूर सोडावे. पंत बोलले की टिटवी क्लॅरिनेटातूनही बोलेल. मास्तरांनी निवाडा दिला की अंबरनाथी लवकरच व्हावयाच्या जलशात टिटवी वेळेवर बोलली तर हिरामणांचे आसन कायम, आणि चुकली तर पिकोलो रद्द, टिटवी पंतांस बहाल.

हिरामणांनी त्याच रात्री मोजणी आरंभिली. फुंकर त्यांच्या हुकमातली, परंतु मात्रा मोजणे महाकठीण. ते नांगरताना मोजीत, जेविताना मोजीत, आणि अंजनीबाईंनी मध्येच भाकर वाढू का विचारिले की पुन्हा आरंभापासून मोजीत. बाईंनी मग बोलणेच सोडिले आणि खुणेने वाढू लागल्या.

जलशाचा दिवस उगवला. कारखान्याच्या मोठ्या शेडात रंगमंच बांधिला, आणि अंबरनाथ, बदलापूर व कॅम्पातली तमाम रयत लोटली. चिखलोलीहून बैलगाडी जुंपून खाशा गोजरबाई नवे लुगडे नेसून आल्या, संगे अंजनीबाई आणि शेजारपाजार. गाडी शेडाबाहेर लाविली, बैल चाकास बांधिले, आणि मंडळी पुढच्या रांगेत मांड ठोकून बसली. हिरामण कारखान्यातील कोणा कारकुनाचा काळा कोट मागून घालून बसले होते. मातेने पाहिले, मातेचा ऊर भरला.

मास्तरांनी काठी उचलिली आणि सिंधूस पूर आला. व्हायोलिने उसळली, कर्णे गर्जले, ढोलाने काठ फोडिले, पंतांचे क्लॅरिनेट भोवऱ्यासारखे फिरले, आणि हिरामण गप्प. गावे बुडाली, हिरामण गप्प. रात्र जाहली, आणि हिरामण मांडीवर पिकोलो ठेवून ओठ हलवीत बसले ते बसलेच. शेजारपाजार गोजरबाईंकडे पाहू लागला. कोणी कुजबुजले की याला नुसता शोभेला आणिला काय. अंजनीबाईंनी सासूचा पदर घट्ट धरिला, परंतु व्हावयाचे ते चुकले नाही. गोजरबाई भर दरबारात उभ्या ठाकल्या.

"ओ मास्तर! ह्यो कसला न्याव? पंगत बसवलीस नं समद्यांच्या पानात वाढतोस, नं माज्या हिरामनचा पान कोरडा? नं ह्यो टोपीवाला बघा, शेजारी बसून एकटाच हादडतोय! हिरामन, वाजव रे! भितोस कोनाला?"

तमाम शेड हसला. मास्तरांची काठी डळमळली परंतु थांबली नाही, वृंदही कसाबसा वाहत राहिला, आणि हिरामणांची मात्रा सुटली. मनातले सारे आकडे त्या हाकेसरशी विखुरले. पूर कुठवर आला, रात्र किती उरली, काही उमजेना. त्यांस दिसले की आता टिटवी गेली, आसन गेले, आणि पुन्हा बांध आणि पोपट. त्यांनी पिकोलो ओठास लाविला आणि डोळ्यांस धारा लागल्या.

इकडे विष्णुपंत क्लॅरिनेट वाजविता वाजविता गोजरबाईंकडे तिरप्या नजरेने पाहत होते. बाई बसल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचिला होता आणि रंगमंचाची पायरी हेरिली होती. पंतांनी मनी विचार केला की हा न वाजविता घरी गेला तर ही माउली मजला जिवंत सोडणार नाही. आणि मग मान वळवून पाहतात तो बाजूस रडणारा हिरामण, कोट अंगापेक्षा मोठा, पिकोलो ओठास तसाच लावलेला. पंतांस काय वाटले ते पंतांसच ठाऊक. पाणी ओसरू लागले, व्हायोलिने विझत गेली, सगळे शांत जाहले, आणि ऐन मोक्यावर पंतांनी आपले कोपर हिरामणांच्या बरगडीत हाणिले आणि पुटपुटले, "मार!"

हिरामणांनी मारिली. चार सूर सुटले ते शेड फोडून गेले. मागल्या रांगेतली तान्ही पोरे एकदम जागी जाहली, बाहेर बैलांनी दावी तोडून बदलापूरची वाट धरिली, पंतांची टोपी उडाली नाही परंतु पंत स्वतः बाकावरून उठले. आणि त्या सुरांमागून इतकी शांतता पसरली की मास्तरांची काठी हातातून पडली ती सर्वांस ऐकू गेली. मास्तर तसेच उभे राहिले. पुढे बसलेली सिंधी मंडळी टाळ्या वाजविणे विसरून एकमेकांचे हात धरून बसली होती. मग कोणी एक म्हातारा हळूच बोलला, "टिटवीच आहे, साईं. आपलीच आहे." तेव्हां टाळ्यांचा जो कडकडाट उठला, तो पुराच्या वरताण.

जलसा उलगडताच मास्तरांनी हुकूम फर्माविला की हिरामणांचे आसन कायम. हिरामणांनी पंतांचे पाय धरिले. पंतांनी डावा कान चोळीत इतकीच अट घातली की यापुढे बसण्याची बाजू बदलावी, उजवा कान अद्याप शाबूत आहे. ते तात्काळ मान्य जाहले.

बैल रात्री बदलापूरच्या वेशीवर सापडले. पुढे हिरामणांनी मास्तरांचे वृंदात बहुत वर्षे चाकरी केली, मुंबईच्या वृंदांतूनही त्यांस बोलावणी आली, आणि दोन्ही बासऱ्यांनी नाव राखिले. परंतु त्या सांजेचे खरे मोल ठरविले ते गोजरबाईंनी. गाडीस बैल नाहीत म्हणून सारी मंडळी चालत चिखलोलीस निघाली असता कोणी शेजारणीने खोचून विचारिले की एवढा कोट घातला आणि वाजविले इतकेच काय. तेव्हां बाईंनी रस्त्यात थांबून, समस्तांस ऐकू जाईल ऐशा आवाजात निवाडा दिला, तो येथे अक्षरशः नोंदिला आहे.

"बाकीचे सांजपासून घासत होते, घासत होते, तरी त्यांचा काम उरकला नाय. माज्या पोराने एका फुंकरीत उरकला!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शुभं भवतु.