भाऊजी, बोट उचलू नका

घड्याळवाले साहेब चार वाजता येणार होते आणि त्याआधी तासभर मेहुणी बाळ घेऊन दारात उभी राहिली, तिथेच सगळं फिसकटलं.

"भाऊजी, जरा सांभाळा हं. दात ठणकतोय, डॉक्टरकडे जाऊन येते. गाढ झोपलंय, तुम्हाला कळणारही नाही," असं म्हणत तिने बाळ गादीवर ठेवलं आणि ती पसार झाली. जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज थांबतो न थांबतो तोच बाळाने डोळे उघडले.

मेहुणी वरच्याच मजल्यावर राहायची. ती 'भाऊजी' म्हणून हाक मारायची, म्हणून हळूहळू अख्खी इमारत त्यांना भाऊजी म्हणू लागली होती. भाऊजी सिंथेसायझरवर जाहिरातींचं संगीत करायचे. म्हणजे काम मिळालं तर करायचे. अलीकडे ते मिळत नव्हतं आणि सिंथने मात्र हॉलची अख्खी भिंत अडवली होती. सकाळी ऑफिसला जाताना बायको म्हणाली होती, "आजचं काम गेलं ना, की हे धूड विकायचं आणि इथे कपाट करायचं. सुताराशी बोलून ठेवलंय मी." बायको सुताराशी बोलली म्हणजे कपाट झालंच, हे भाऊजींना अनुभवाने ठाऊक होतं.

काम होतं गजराच्या घड्याळांच्या जाहिरातीचं. भाऊजींनी मेलेला माणूस उठून बसेल अशी धून बांधली होती. फक्त ती आता एका रडणाऱ्या बाळाच्या साथीने वाजवायची पाळी आली होती.

भाऊजींनी आधी लीड लावून पाहिला. लीड म्हणजे सगळ्यांच्या पुढे येऊन धून गाणारा तिखट आवाज. बाळाला ते आव्हान वाटलं आणि त्याने वरची पट्टी धरली. मग भाऊजींनी खर्जात घुमणारा बास लावला. खिडकीची तावदानं थरथरली, स्वयंपाकघरात डबे वाजले, बाळ क्षणभर दचकून गप्प झालं आणि मग खालच्या पट्टीत रडू लागलं. तार छेडल्यासारखा प्लक लावला, तर बाळाला त्याच तालात उचकी लागली.

शेवटी त्यांनी पॅड लावला. पॅड म्हणजे हळूहळू उमलत जाणारा, सगळीकडे पसरणारा मऊ आवाज. बाकीच्या आवाजांखाली तो अंथरायचा असतो. भाऊजींनी तीन पट्ट्या दाबून धरल्या. बाळाची मूठ सुटली, तोंड मिटलं, आणि ते झोपलं.

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकून बोटं उचलली. पॅडचा आवाज एकदम जात नाही, विरत विरत जातो. तो पूर्ण विरला आणि बाळाने भोकाड पसरलं. पट्ट्या दाबल्या, झोपलं. सोडल्या, उठलं. सूर धरून ठेवणारं पायातलं पेडल नेमकं दुरुस्तीला गेलं होतं. पट्ट्यांवर जाडजूड पुस्तक ठेवून पाहिलं, तर शेजारच्या पट्ट्याही दबल्या आणि त्या बेसूर गोंगाटाने भाऊजीच रडकुंडीला आले. नाइलाजाने ते बोटं रोवून बसले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी वहिनी दोन काखांत दोन जुळी घेऊन उभी होती.

"भाऊजी, काय चालवलंय काय? आमचं छत हादरलं! दोघंही उठली ना माझी! आता तुम्हीच..." ती थांबली. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जुळी झोपली होती. "अगं बाई," ती कुजबुजली. "हे कसं केलंत?"

"पॅड," भाऊजी म्हणाले.

"असू दे काही का असेना. थांबवू नका." तिने जुळी सोफ्यावर आडवी केली आणि फोन काढला. "हॅलो, लगेच ये. बाळाला घेऊन ये. हो, जागा आहे अजून."

बघता बघता भाऊजींचा हॉल भरला. एक बाळ पुस्तकांच्या फळीवर होतं, एक सिंथच्या रिकाम्या खोक्यात. आया भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या आणि भाऊजींच्या बोटांवर नजर ठेवून होत्या.

बरोबर चारच्या ठोक्याला साहेब आले. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या घड्याळांच्या कारखान्यात भागीदार होत्या आणि शेवटचा शब्द त्यांचा असे. साहेबांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. जन्मभर स्वतःच्याच गजरांची चाचणी घेऊन त्यांची झोप कायमची उडाली होती.

"बालवाडी आहे का ही?" साहेबांनी विचारलं. सगळ्या आयांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"बसा ना," भाऊजी हळूच म्हणाले. साहेब दोन बाळांच्या मधल्या जागेत कसेबसे बसले.

"वाजवा तुमची धून. दणदणीत पाहिजे."

भाऊजींनी आयांकडे पाहिलं. आयांनी भाऊजींकडे पाहिलं. शिवणवाली वहिनी हातातली कात्री उगाचच उघडत-मिटत होती.

"आधी पाया घालतो," भाऊजी म्हणाले. "घाई केली की बिघडतं, साहेब. पॅड नीट पसरू द्यायचा. मग त्यात बास सरकवायचा, पण हलक्या हाताने. मग प्लक, अधूनमधून. आणि लीड अगदी शेवटी, कारण तो एकदा आला की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही."

"बरं बरं. लीड कधी येणार?"

"येतोच आहे."

"मला तर अजून..." साहेबांनी जांभई दिली. "मला अजून एक मीटिंग..." त्यांची मान एका बाजूला कलली आणि साहेब घोरू लागले.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "लग्न झाल्यापासून या माणसाला झोपलेलं पाहिलं नव्हतं हो मी!" त्या उठून भाऊजींच्या कानाशी आल्या. "बोट उचललंत तर याद राखा."

"पण बाई, कामाचं..."

"काम गेलं खड्ड्यात. धरून ठेवा."

काम खड्ड्यात म्हणजे सिंथ बाजारात. त्यातच भाऊजींच्या नाकाला भयंकर खाज सुटली. मेहुणी दाताच्या डॉक्टरकडून सुजलेला गाल घेऊन परत आली, तेव्हा तिला बाळ कुणी उचलू दिलं नाही. "आधी भाऊजींचं नाक खाजवा," वहिनीने तिला बजावलं. मेहुणीने खाजवलं. भाऊजींना ती त्या क्षणी साक्षात देवी वाटली.

आणि मग जुळ्यांतलं एक भुकेने चुळबुळलं. वहिनी चवड्यांवर उठली. तिने दुधाच्या बाटल्या गरम करायचं यंत्र पिशवीतून काढलं, मोकळा प्लग शोधला, तो सापडला नाही, म्हणून जो समोर दिसला तो उपटला.

सिंथ गप्प झाला. विरत विरत नाही, एकदम. पंखा फिरत होता तेवढा ऐकू येत होता. पुढच्या क्षणी सगळी बाळं एका सुरात रडली आणि साहेब ताडकन उठून उभे राहिले.

"कुठला गजर वाजला?"

"कुठलाच नाही," भाऊजी रडवेल्या आवाजात म्हणाले. "वाजायचं थांबलं."

साहेबांनी गाल चोळले. आळस दिला. बाहीवर लाळ सांडली होती तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "म्हणजे मला जाग आली ती आवाज बंद झाला म्हणून?" त्यांनी बाईंचे हात धरले. "अहो, आपलं चुकलंच! रात्रभर हे वाजलं पाहिजे आणि सकाळी बंद पडलं पाहिजे. असं घड्याळ काढू या!"

"काढू या," शेवटचा शब्द असलेल्या बाई म्हणाल्या.

"जाहिरात राहू द्या," साहेब भाऊजींना म्हणाले. "मला हा सूर द्या. रात्रभराचा. इथून पुढची सगळी घड्याळं तुमच्याच सुरावर."

भाऊजींचा आनंद गगनात मावेना. "मिनिटभर वाजवून रेकॉर्ड करून ठेवतो, साहेब. तेवढंच पुन्हा पुन्हा लावायचं."

लगेच करून पाहिलं. सगळे झोपले. मिनिट संपून पुन्हा सुरू झालं त्या जोडावर प्रत्येक बाळाने एक डोळा उघडला. साहेबांनीही.

"चालणार नाही," साहेब म्हणाले. "सलग वाजवा. आत्ताच बसा, सकाळी येऊन घेऊन जातो."

आया बाळं घेऊन गेल्या, साहेब गेले, मेहुणी गेली. भाऊजींनी रेकॉर्डिंग सुरू केलं, पट्ट्या दाबल्या आणि बायकोची वाट पाहत बसले. तिला कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. सूर सिंथमधून थेट रेकॉर्ड होत होता, माईक लावलेला नव्हता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. हरकत फक्त बोट उचलायला होती.

ऑफिसातून दमूनभागून आलेली बायको सोफ्यावर टेकली. "काय झालं कामाचं? आणि हे काय रडगाणं लावलंय? सुताराचा फोन आला होता मला. मी त्याला सांगितलंय, उद्या सकाळी ये आणि ते धूड उचलून..."

"अगं, ऐक तरी! काम मिळालं!"

बायको झोपली होती.

"अगं ए! मिळालं काम! कपाट नको आता!" भाऊजी ओरडले. बायकोने समाधानाने कूस बदलली. तिला उठवायचा उपाय आता अख्ख्या जगात एकट्या भाऊजींना माहीत होता, आणि तो केला की काम गेलं.

भाऊजी पट्ट्या दाबून बसून राहिले. आधी साहेब पोचतात की सुतार, एवढंच आता पाहायचं होतं.