ट्रेंटच्या शेजारी कुणी बसायचं नाही

बेसबॉलच्या सामन्याची सातवी इनिंग संपवून ट्रेंट ओस्लंड डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकाच्या खोलगट जागेत, येऊन बसला, तसा त्याच्या दोन्ही बाजूंचा बाक रिकामा झाला. कुणी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला, कुणी सूर्यफुलाच्या बिया चघळत उगाच आभाळाकडे बघत बसला. पोराने सात इनिंग चेंडू टाकले होते आणि समोरच्या कॉलेजच्या एकालाही त्याच्या चेंडूवर हिट मारता, म्हणजे चेंडू टोलवून पहिला बेस गाठता, आला नव्हता. असं नऊ इनिंग टिकलं तर त्याला एक नाव आहे, पण ते नाव सामना संपेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं. चेंडू टाकणाऱ्यासमोर तर नाहीच नाही.

सहायक कोच वर्न सडबेकला हे कुणी शिकवायला नको होतं. व्यावसायिक संघांत अठरा वर्षं कॅचर म्हणून बॅटरच्या मागे उकिडवं बसण्यात त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले, तीन बोटं वाकडी झाली, पण असा एकही पूर्ण सामना त्याच्या नशिबी आला नाही. एकदा आठव्या इनिंगपर्यंत आला होता. तेवढ्यात बाकावरचा एक शहाणा ते नाव बोलून गेला आणि पुढच्याच चेंडूवर हिट बसली. त्या शहाण्याला वर्न अजूनही नाताळचं कार्ड पाठवत नाही.

आठव्या इनिंगमध्येही समोरच्यांची पाटी कोरीच राहिली. आपल्या संघाची बॅटिंग सुरू झाली आणि हॉटडॉगचा ट्रे घेऊन कॉलेजच्या नव्या अध्यक्ष, रसायनशास्त्राच्या डॉ. फेंटन, डगआउटमध्ये उतरल्या.

"अरे, हा बिचारा एकटाच का बसलाय?" असं म्हणत त्या थेट ट्रेंटला खेटून बसल्या.

वर्नला बाईंना तिथून हलवायचं होतं, पण त्याला उठून जाता येत नव्हतं, कारण पहिल्या इनिंगपासून तो त्याच जागी बसला होता आणि आज ती जागा सोडणं म्हणजे आपल्याच हाताने घात करणं. त्याने गुडघ्यांच्या मधून बोटांनी 'उठा' अशा खुणा केल्या, कॅचरच्या जुन्या सवयीने. बाईंनी हसून हात हलवला.

"मॅडमना वर प्रेक्षकांत घेऊन जा," त्याने राखीव कॅचरच्या कानात सांगितलं. "म्हणावं, ऊन लागेल."

"ढग आलेत, कोच."

"मग पाऊस लागेल म्हणून सांग. डोकं चालव की जरा."

राखीव कॅचर गेला आणि हॉटडॉग खात परत आला. "त्या म्हणतात, इथेच बरं वाटतंय."

बाईंची नजर आता धावफलकावर गेली होती. "ट्रेंट, त्यांच्या नावापुढे धावांचं शून्य कळलं मला. पण त्याच्या शेजारचं ते दुसरं शून्य कसलं रे?"

ट्रेंटचं बिया चघळणं थांबलं.  वर्न जागा विसरला, गुडघे विसरला आणि ताडकन उठला.

"मॅडम, काही रीतभात आहे की नाही? अठरा वर्षं खेळलो, तरी अजून वाट बघतोय मी ह्या दिवसाची. पोरानं आठ इनिंगमध्ये एक हिट दिलेली नाही. नो-हिटर चाललाय इथं, नो-हिटर! आणि ते ह्याच्यासमोर बोलायचं नसतं, एवढं साधं कळू नये तुम्हाला?"



"मी कुठे बोलले?" बाई हळूच म्हणाल्या. "मी नुसतं विचारलं."

आपली बॅटिंग संपली होती. ट्रेंटने कुणाकडेही न बघता ग्लोव्ह उचलला आणि तो मैदानात गेला. नवव्या इनिंगचा पहिलाच चेंडू बॅटच्या टोकाला जेमतेम लागला, सेकंड बेसवरून आळसावल्यासारखा गेला आणि धावत आलेल्या तीन क्षेत्ररक्षकांच्या बरोबर मधे गवतात पडला. फलकावरच्या दुसऱ्या शून्याचा एक झाला.

वर्न मटकन खाली बसला. त्याच्या डावीकडच्या पोराने पाण्याची बाटली उचलली आणि तो बाकाच्या पार टोकाला गेला. उजवीकडचाही सरकला. राखीव कॅचरला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

वर्नने मान वळवून डॉ. फेंटन यांच्याकडे पाहिलं. इथली रीत बाईंना आता नीट समजली होती. त्यांनी आपला ट्रे उचलला आणि त्याही दहा फूट लांब जाऊन बसल्या.