दोनदा दाबणारे गुंडप्पाअण्णा

आमच्या भालकीच्या गल्लीत बेल दोनदा वाजली, की कोण आलंय ते बघायला मला उठावं लागत नाही. मी आतूनच ओरडते, "या अण्णा, दार उघडंच हाय!" दार सताड उघडं असू दे, मी समोरच मेथी निवडत बसलेली असू दे, गुंडप्पाअण्णा बेल दोनदा दाबणारच. मग "शरणु शरणार्थी" असा नमस्कार, तोही दोनदा. मग आत पाऊल.

"एकदा चुकून होतंय, अक्का. दोनदा केलं म्हंजे मनातनं केलं." हे त्यांचं शास्त्र.

बाजारात वांग्याचा भाव दोनदा विचारतात. बाईनं दुसऱ्यांदा तोच सांगितला तर घेतात, न्हाईतर पुढं. फोनचं तर विचारूच नका. खिशात तो ओरडत असतो आणि हे समोरच्याशी खुशाल बोलत असतात. "अण्णा, फोन!" म्हटलं तर म्हणतात, "काम असंल तर पुन्यांदा करंल की." पहिल्या फोनला उचलल्याचं मी काय, कुणीच बघितलेलं नाही. आमच्या वास्तुशांतीला मी घाईत त्यांना एकदाच बोलावलं. आले नाहीत. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी आपल्याच दारात उभे! मी पळत गेले, "अण्णा, चला की जेवायला." "आता कसं खरं बोलावणं झालं," म्हणाले, आणि माझ्या पुढं चालायला लागले.

अण्णा आमच्या मराठी शाळेत कारकून होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण शाळा त्यांना सोडत नाही की ते शाळेला, हे मला अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्या पोरांची नावं त्यांनी एकट्यानं त्यात चढवली. पडद्याच्या डाव्या बाजूला नावांचं एक झाडच आहे. वर्षावर क्लिक केलं की त्याच्यातून फांद्या फुटतात, त्या फांद्यांतून आणखी फांद्या, आणि टोकाला पोरांची नावं. दुसऱ्या कुणी वर्षाखाली इयत्ता लावली असती. अण्णांनी गुरुजींची नावं लावली. "पोरगं कितवीत होतं ते कोणबी सांगंल. कुणाच्या हाताखाली होतं, ते ठावं पायजे." त्यामुळं त्या झाडावर त्यांच्याशिवाय कुणाला चढता येत नाही.

आणि गेल्या जूनमध्ये नेमकं ते झाड आमच्यावर रुसलं.

माझी नात दीपा. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कलबुर्गीत कागदांची तपासणी. आदल्या दुपारी साडेतीनला कागद लावता लावता पोरगी सगळी फाईल पुन्हा चाळायला लागली. "आजी, स्टडी सर्टिफिकेट न्हाई." म्हणजे सातवीपर्यंत इथंच शिकल्याचा शाळेचा दाखला. आपल्या भागातल्या पोरांसाठी ज्या जागा राखलेल्या असतात, त्यातली तिची होती. दाखला नाही तर जागा नाही.

मी अण्णांच्या दारी धावले. बेल वाजवली. दोनदा, त्या घाईतही.

दीपाला घेऊन शाळेत पोचलो तेव्हा चार वाजलेले. हेडबाई खांद्याला पर्स अडकवून निघायच्या तयारीत. बाई कलबुर्गीच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांची बस साडेचारला. जुनी रजिस्टरं तपासणीसाठी बीदरला गेलेली. राहिला कॉम्प्युटर. त्यातही आठ दिवसांपूर्वी नवीन प्रोग्राम घातलेला. घालणारे सर ट्रेनिंगला गेलेले, फोन बंद.

"प्रवेशाची तारीख आणि नंबर तेवढा काढा, मी लगेच लिहून सही करते," बाई म्हणाल्या. तेवढ्यात करंट गेला. टेबलाखालचा बॅटरीचा डबा 'टीं' करून ओरडला. "वीस मिनिटं चालेल हे. बेगा, अण्णा, बेगा!" घाईत बाईंचं कन्नड निसटलं: लवकर, लवकर.

अण्णांनी खुर्चीवर फडकं मारलं. दोनदा. बसले. दीपाच्या वर्षावर बोट दाबलं. टक-टक.

फांदी उघडली आणि मिटली.

टक-टक. उघडली, मिटली.

"लाजायलंय बघा," अण्णा म्हणाले. कुणी हसलं नाही.

टीं.

"मी बघू का?" बाई पुढं झाल्या. अण्णांनी माऊस मुठीत झाकला. "हात न्हाई लावायचा, म्याडम. वीस वर्षं माझाच हात हाय त्याला." टक-टक. टक-टक. दीपा ओढणीचं टोक चावत उभी. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

आता मी काही शिकलेली बाई नाही. पण मोबाईल दीपानंच मला शिकवलाय. एकदा बोट लावलं की उघडतं, उतावळेपणानं दुसऱ्यांदा लागलं की उघडलेलं मिटतं. मी अण्णांच्या मागं जाऊन नीट बघितलं. पहिल्या टकला फांदी उघडत होती. दुसऱ्या टकला मिटत होती.

"अण्णा, तुमीच उघडायलात आन तुमीच मिटवायलात! जुन्याला दोनदा लागत असंल, ह्याला एकदाच लागतंय. एकदा दाबा."

"एकदा चुकून होतंय, अक्का."

"मग होऊ द्या की चुकून! पोरीचं वरीस जायलंय!"

अण्णांनी मान हलवली. घाम पुसला. बोट उचललं, आणि... टक-टक. पुन्हा. टक-टक. डावा हात लावून उजवं बोट धरलं, तरी ते निसटून दोनदा पडलंच. डबा आता थांबून थांबून नाही, सारखाच ओरडायला लागला होता.

"बोट ऐकंना गेलंय," अण्णा म्हणाले. मग अगदी हळू, "ज्योतीनं बसवलेलं हाय ते."

मी चमकले. चार वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ज्योती त्यांची एकुलती एक. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णांना दोनदा दाबणं काही जमेना, दोन टकांच्या मध्ये माणूस शिंकून घेईल एवढी जागा राहायची. ज्योती तेव्हा दहा वर्षांची. जेवताना त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून ताटाच्या काठावर वाजवायची, "अप्पा, असं. टक-टक." आमच्या घरात ऐकू यायचं. पुढं तिनं आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं, उदगीरला. आई तोवर गेलेली. लग्नाच्या आधी दारात येऊन म्हणाली, "अप्पा, लग्नाला या." एकदाच म्हणाली. अण्णा दुसऱ्यांदा म्हणण्याची वाट बघत बसले. ती तिकडं मांडवात वाट बघत बसली.

"आजोबा, थांबा," दीपा म्हणाली. ओढणी सोडून ती पुढं आली, आणि त्यांच्या बोटावर तिनं आपलं बोट ठेवलं. अण्णांनी हात काढून घेतला नाही. तिनं दाबलं. टक. आणि त्यांचं बोट आपल्या बोटात धरून वर उचलून ठेवलं.

फांदी उघडली. उघडीच राहिली.

मग दोघांनी मिळून गुरुजींचं नाव. टक. मग तिचं नाव. टक. बाईंनी उभ्या उभ्या तारीख आणि नंबर उतरवून घेतला. शेवटचा आकडा लिहिला आणि पडदा काळा झाला. सही झाली. शिक्का मारायला अण्णा उठले, आणि तो मात्र त्यांनी दोनदा मारला. बाई दाखला दीपाच्या हातात देऊन बसच्या दिशेनं पळाल्या.

संध्याकाळी सहाला माझी बेल वाजली. एकदाच. कुणीतरी परकं असेल म्हणून मी सावकाश उठले. दारात अण्णा. हातात मोबाईल.

"लावला, अक्का. उदगीरला." ते उंबऱ्यावरच बसले. "वाजून वाजून बंद झाला. उचलली न्हाई. संपलं आता."

मला आधी गलबलून आलं, आणि मग असा राग आला म्हणता!

"अण्णा, लेक कुणाची हाय ती?"

"माझीच की."

"मग? पहिल्या फोनला उचलंल व्हय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मोबाईलकडं. अंगठा वर गेला, तिथंच थांबला. मी म्हटलं, "चहाला आधण ठेवते," आणि आत आले. गॅस काही पेटवला नाही. भिंतीला टेकून नुसती उभी राहिले.

स्पीकरवर रिंग ऐकू आली. एक. दुसरी पुरी झालीच नाही, मधेच तुटली, आणि पलीकडं कुणीतरी नुसता श्वास घेतला.

"ज्योती," अण्णा म्हणाले. मग पुन्हा, "ज्योती."